अण्णांच्या रिपोर्टातलं ‘जी१२डी’ तुमच्याकडे आलेलं नाही

वाईजवळच्या एका गावातून पत्र आलं आहे. मोठं होतं, थोडक्यात देते.

“माझे वडील (अण्णा) ४९ वर्षांचे, शेती करतात. दीड वर्ष शौचातून रक्त जात होतं, मूळव्याध समजून चूर्ण घेत राहिले. जूनमध्ये मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ निघाली, यकृतातही दोन ठिकाणी आहे. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. गाठीच्या रिपोर्टात लिहिलंय : के-रास म्युटेशन डिटेक्टेड, जी१२डी. बी-रॅफ वाइल्ड टाइप. एमएमआर प्रोटीन्स इन्टॅक्ट. डॉक्टर म्हणाले, एक टार्गेटेड इंजेक्शन असतं ते यांना लागू पडणार नाही. चुलते (वय ५३) म्हणतात, जीनमध्येच आहे म्हणजे पोरांना येणारच. मी २६ वर्षांची, भाऊ २२ चा. माझं लग्न ठरत आलंय. एका लॅबचा माणूस घरी येऊन सांगून गेला की मायक्रोआरएनएची रक्ततपासणी केली की कॅन्सर होणार का ते आधीच कळतं, त्याला नोबेल मिळालंय, दोघांचे मिळून अठरा हजार. करावी का? आणि मुलाकडच्यांना काय सांगू? रात्री झोप लागत नाही.”

तुमची झोप उडाली आहे, म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणं मागून. के-रासमधला तो बदल अण्णांच्या गाठीत आहे. तो त्यांच्या रक्तातून तुम्हाला किंवा तुमच्या भावाला आलेला नाही. लॅबवाल्याची तपासणी करू नका. अण्णांना पन्नाशीच्या आत कॅन्सर झाला, त्यामुळे तुम्हा भावंडांना काही गोष्टी मात्र कराव्या लागतील. त्या अठरा हजारांच्या नाहीत आणि आजच्या आजही नाहीत.

आता कारणं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण माझ्यासमोर बसत नाही, त्याची गाठ माझ्याकडे येते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याचे छोटे भाग मेणात बसवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचा कागदाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवला की गुलाबी-जांभळं चित्र दिसतं. मोठ्या आतड्याचं निरोगी अस्तर फार देखणं असतं. एकसारख्या नळ्या शेजारी शेजारी उभ्या, शिस्तीत लावलेल्या. गाठीत त्या नळ्या वेड्यावाकड्या होतात, एकमेकींत घुसतात. के-रासची तपासणी मागवली जाते तेव्हा मी त्या काचेवर पेनानं गोल करून देते, की गाठ एवढ्या भागात आहे, इथलंच खरवडून घ्या. कारण त्या गोलाबाहेरच्या निरोगी आतड्यात हा बदल सापडत नाही. गोलाच्या आत तो आहे आणि चार मिलिमीटर पलीकडे, अण्णांच्याच आतड्यात, तो नाही. मग तो तुमच्यात कुठून येणार?

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि तळाशी नव्या तयार होत राहतात. आयुष्यभर एवढ्या वेळा नक्कल करायची म्हटल्यावर कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. के-रास या जीनचं प्रथिन म्हणजे एकशे ऐंशीच्या वर मण्यांची माळ. तिच्यातला बारावा मणी ग्लायसिन, सगळ्या मण्यांत लहान. अण्णांच्या एका पेशीत त्या जागी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड नावाचा मोठा मणी बसला. जी म्हणजे ग्लायसिन, १२ म्हणजे जागा, डी म्हणजे अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड. जी१२डी या शब्दाचा अर्थ एवढाच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शंभरातल्या सुमारे चाळीस रुग्णांच्या गाठीत के-रासमध्ये असा काहीतरी बदल मिळतो, म्हणजे अण्णांचं काही जगावेगळं झालेलं नाही.

तुम्ही पत्रात ‘वाइल्ड टाइप’खाली दोन रेघा मारल्या आहेत आणि ‘हे जंगली म्हणजे जास्त वाईट का?’ असं विचारलं आहे. ते चांगलं आहे. वाइल्ड टाइप म्हणजे मूळचा, निसर्गात असतो तसा, न बदललेला. अण्णांच्या गाठीत बी-रॅफ हा जीन शाबूत आहे. हा शब्द वाचून घाबरलेली तुम्ही पहिली नाही. रिपोर्ट लिहिताना तो मराठीत समजावून द्यायची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे, आणि आम्ही ती नीट पार पाडत नाही.

ते इंजेक्शन का चालणार नाही, हे अण्णांना स्वतःला समजायला हवं. आपल्याला औषध नाकारलं असं त्यांच्या मनात बसलं असेल तर ते निघायला हवं. त्यांना विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण द्या. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. के-रास हा पेशीतला स्टार्टर आहे. पेशीच्या बाहेरच्या अंगाला ईजीएफआर नावाचं हिरवं बटण असतं. त्याच्यावर ‘वाढ’ असा निरोप आला की के-रास चालू होतो, काम झालं की आपोआप बंद होतो. जी१२डीमध्ये स्टार्टरचे कॉन्टॅक्टच चिकटले आहेत. बटण कुणी दाबो न दाबो, मोटार चालू. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही इंजेक्शनं हिरव्या बटणावर पहारा ठेवतात. आत कॉन्टॅक्ट चिकटलेले असताना बाहेरच्या पहाऱ्याचा उपयोग होत नाही, अंगावर पुरळ आणि खर्च मात्र होतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं नाही. बरोबर केलं. केमोबरोबर बेव्हासिझुमॅबसारखं दुसऱ्या वाटेनं काम करणारं औषध देता येतं का, हे त्यांना जरूर विचारा. त्या औषधाचा के-रासशी संबंध नसतो.

अशा जीनला ऑन्कोजीन म्हणतात. मुळात तो आपल्या प्रत्येकात असतो आणि चांगलं काम करत असतो. १९७६ च्या सुमारास मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी दाखवलं की कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूतला जीन हा मूळचा निरोगी पेशीतलाच आहे. १९८९ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. म्हणून ‘जीनमध्ये आहे’ आणि ‘घराण्यात आहे’ ही दोन वाक्यं वेगळी. चुलत्यांची गफलत इथे झाली आहे. कॅन्सर नेहमीच जीनमध्ये असतो, घराण्यात क्वचित.

एकटा के-रास बिघडून कॅन्सर होत नाही, हेही लक्षात घ्या. १९९० मध्ये अमेरिकेत एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी आतड्याच्या गाठींचा क्रम मांडला. बहुतेकदा आधी एपीसी नावाचा जीन निकामी होतो आणि अस्तरावर चामखिळीसारखा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. पुढे के-रास अडकतो, पॉलिप मोठा होतो. मग पी-५३ हा राखणदार जातो. या सगळ्याला साधारण दहा वर्षं लागतात. ही दहा वर्षं म्हणजे आपल्याला मिळालेली सवड आहे, त्यावर पुढे येते.

आता मायक्रोआरएनए. लॅबच्या माणसानं नोबेलचं खरं सांगितलं. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना याच शोधासाठी मिळालं. १९९३ मध्ये त्यांना एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीत हा प्रकार सापडला होता आणि तेव्हा बहुतेकांना वाटलं, हे त्या कृमीपुरतंच असेल. २००० मध्ये रुव्हकन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ नावाचा दुसरा मायक्रोआरएनए मिळाला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत सगळ्यांत जवळजवळ तसाच निघाला. तिथून हा विषय फुलला.

हे काय असतं? पुन्हा रानात चला. मोटार चालू आहे, पाटानं पाणी येतंय, पण कुठल्या सरीला किती सोडायचं हे फावडं घेऊन उभा असलेला माणूस ठरवतो. दारं धरणारा. जीनमधून निरोपाची चिठ्ठी निघते, तिच्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए हा जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा त्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो आणि प्रथिन कमी बनू देतो. तो मोटार बंद करत नाही, पाणी आवरतो. आणि एकच गडी शेकडो सऱ्या सांभाळत असतो.

२००५ मध्ये कळलं की लेट-७ हा रास जीनच्या (के-रास त्यांतलाच एक) चिठ्ठीवर बसून त्याला आवरतो. कॅन्सरच्या अनेक गाठींमध्ये लेट-७ कमी झालेला दिसतो, म्हणजे मोटार अडकलेली आणि दारं धरणाराही जागेवर नाही. उलट मिर-२१ नावाचा एक मायक्रोआरएनए गाठीत वाढतो आणि पेशीचे ब्रेक असलेल्या पीटेन, पीडीसीडी-४ यांच्याच सऱ्या बंद करून टाकतो. २००८ मध्ये अमेरिका आणि हाँगकाँगमधल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या गाठीत मिर-२१ जास्त, त्यांची तब्येत पुढे जास्त ढासळलेली आढळली. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचं आहे, आणि माझ्या आवडीचं आहे.

तरीही त्याची रक्ततपासणी करू नका असं मी का म्हणते? ते मी माझ्या काचेवरून सांगते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना आढळलं की आतड्याच्या गाठीत मिर-१४३ आणि मिर-१४५ हे दोघे फार कमी असतात. पुढची दहा वर्षं जगभर असं धरून चाललं की कॅन्सरच्या पेशीतून ते गेले आणि म्हणून पेशी बेफाम झाली. पण आतड्याच्या तुकड्यात फक्त नळ्यांच्या पेशी नसतात. नळ्यांच्या मधे तंतूंच्या, स्नायूंच्या, रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात. निरोगी तुकड्यात त्यांचा वाटा मोठा, गाठीत नळ्यांचीच दाटी. २०१४ मध्ये दाखवलं गेलं की हे दोघे मुळात त्या मधल्या पेशींतच असतात, अस्तराच्या पेशींत जवळजवळ नसतातच. म्हणजे सगळा तुकडा एकत्र वाटून मोजला की गाठीत ते ‘कमी’ दिसणार, कारण मधल्या पेशीच कमी आहेत. मिर-२१ चंही तसंच, तो पुष्कळदा गाठीभोवतालच्या तंतूंच्या पेशींत भरलेला दिसतो. ताटात मीठ कमी लागलं तर ते भाजीत कमी होतं की डाळीत, हे सगळं कालवून झाल्यावर कळत नाही.

हाताशी गाठच असताना एवढी फसगत होते, तर रक्तात काय होईल पाहा. रक्तातला मिर-२१ इतर अनेक कॅन्सरमध्ये वाढतो, कुठे सूज आली तरी वाढतो. तांबड्या पेशींमध्ये काही मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. नळीतलं रक्त हिंदकळलं, उन्हात राहिलं, पेशी फुटल्या की आकडे बदलतात. तुमच्या घरी रक्त घेऊन, बर्फाच्या डब्यात ठेवून, एसटीनं पुण्याला पाठवायचं म्हटल्यावर त्या आकड्यात तुमचं किती आणि प्रवासाचं किती? निरोगी माणसाला पुढे मोठ्या आतड्याचा कॅन्सर होणार का, हे सांगणारी मायक्रोआरएनएची कुठलीही तपासणी आज मान्य उपचारपद्धतीत नाही. आकडा जास्त आला तर तुम्ही वर्षभर रडाल, कमी आला तर पुढे रक्त गेलं तरी ‘आपली टेस्ट चांगली होती’ म्हणून थांबाल. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

औषधाचंही कुणी सांगायला येईल म्हणून लिहून ठेवते. मिर-३४ हा पी-५३ च्या बाजूनं काम करणारा मायक्रोआरएनए बाहेरून देऊन कॅन्सर आवरायचा प्रयोग अमेरिकेत झाला. काही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीनं भयंकर उलटी उचल खाल्ली, मृत्यूही झाले, आणि २०१६ मध्ये तो थांबवावा लागला. के-रासवर मात्र खरी प्रगती आहे. जी१२सी या प्रकारावर गोळ्या निघाल्या आणि अमेरिकेत २०२४ व २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्या हिरव्या बटणावरच्या इंजेक्शनांच्या जोडीनं मान्यही झाल्या. अण्णांचा प्रकार जी१२डी, त्याच्यावरच्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. म्हणून अण्णांचा ब्लॉक कुठे आहे ते विचारून घ्या, सांभाळून ठेवा, रिपोर्टाची फाइल पावसात भिजू देऊ नका. पुढे कुठल्या चाचणीत नाव घालायची वेळ आली तर तोच लागेल.

आता तुमच्या घराबद्दल. तुम्ही शेवटची ओळ पाठवली हे फार बरं केलं : एमएमआर प्रोटीन्स इन्टॅक्ट. पन्नाशीच्या आत या आजारानं गाठलं की आम्हाला पहिली शंका लिंच सिंड्रोमची येते. तो मात्र खरंच आईवडिलांकडून येतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्यात अक्षरांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांपैकी (हीच ती एमएमआर) एखादं हरवलेलं असतं. अण्णांची चारही शाबूत आहेत, त्यामुळे लिंचची शक्यता खूप कमी झाली. दुसरा आनुवंशिक प्रकार आतड्यात शेकडो पॉलिप आणणारा. अण्णांच्या कोलोनोस्कोपीच्या कागदावर पॉलिप किती लिहिलेत ते वाचा. एखाददुसरा असेल तर तोही प्रश्न बराचसा मिटला.

तरी वय ४९ म्हणून एकदा आनुवंशिकतेचा सल्ला घ्याच. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे, आणि तुमचे डॉक्टर जवळचंही एखादं सुचवतील. जाण्याआधी आजीपासून सगळ्यांची चौकशी करा. कुणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. आत्यांना गर्भाशयाच्या आजारानं काही झालं होतं का, हे खास विचारा, घरात त्याबद्दल बोलत नाहीत. तपासणी लागलीच तर ती अण्णांच्या रक्ताची करतात, तुमच्या नाही. आधी आजारी माणसात काही सापडलं तरच मुलांमध्ये शोधायला अर्थ असतो.

आणि ती दहा वर्षं. वडिलांना ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिशीला, जे आधी येईल तेव्हा मुलांनी कोलोनोस्कोपी करायची आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी. तुमच्यासाठी म्हणजे ३९ व्या वर्षी. तुमच्या भावालाही तेच. आदल्या दिवशी पातळ खायचं, पोट साफ करणारं औषध भरपूर पाण्यातून प्यायचं, रात्रभर फेऱ्या होतात, तो भाग त्रासाचा. तपासणी गुंगीत होते. पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे तारेच्या फासानं काढतात, म्हणजे के-रास अडकायच्या आधीच कोंब खुडला जातो. त्याआधी कधीही शौचातून रक्त गेलं, सवय बदलली, कारण नसताना रक्त कमी झालं, तर वयाची वाट बघायची नाही आणि चूर्णही घ्यायचं नाही. मूळव्याध असूही शकते, पण ती डॉक्टरांनी बघून सांगितलेली हवी.

अण्णांच्या दीड वर्षाबद्दल तुम्ही स्वतःला दोष दिला आहे, ‘मी शिकलेली असून’ असं लिहिलं आहे. बापाच्या शौचातलं रक्त मुलीला दिसत नाही. त्यांनी चूर्णाची पुडी संपवून सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांना घेऊन गेलात. तेवढंच तुमच्या हातात होतं, ते तुम्ही केलंत.

मुलाकडच्यांना काय सांगायचं? खरं सांगा, आणि मध्यस्थाकरवी नको. आधी मुलाशी स्वतः बोला. सांगा की वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, गाठीतला बदल गाठीपुरता आहे, आनुवंशिक प्रकाराची मुख्य तपासणी चांगली आली आहे, सल्लागाराला भेटायचं बाकी आहे, आणि मला ३९ व्या वर्षी एक तपासणी सुरू करायची आहे. पाच वाक्यं आहेत. त्याला डॉक्टरांना विचारायचं असेल तर अण्णांची फाइल घेऊन दोघं मिळून जा. तो येतो का, आणि तिथे काय विचारतो, हे बघायला तुम्हालाही मिळेल.

पैशाचं म्हणाल तर उपचार चालू आहेत त्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत अण्णांचं काय काय बसतं ते लिहून घ्या. लॅबच्या माणसाला फोनवरच नाही म्हणा, घरी बोलावू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, मी जोडते. सख्ख्या भावाला ४९ व्या वर्षी आजार निघाला आणि चुलते ५३ वर्षांचे आहेत. तुमच्या घरात कोलोनोस्कोपीची खरी गरज या घडीला त्यांना आहे. त्रास काही नसला तरी. चाळिशी ओलांडलेल्या आत्या असतील तर त्यांनाही. काळजी वाटते म्हणूनच ते जीनचं बोलतात, दुसरं काही नाही. तेव्हा वाद घालू नका. अण्णांच्या पुढच्या केमोला त्यांना बरोबर न्या, आणि डॉक्टरांच्या समोर बसल्यावर तुम्हीच विचारा, ‘काकांची तपासणी कधी करायची?’ तारीख घेऊनच उठा.